विमानतळावरची अचानक तपासणी : एक अभ्यास

एस. वाय. बी. ए. (राज्यशास्त्र)

हा विषय ऐकून वर्गात हशा पिकला होता, हे आधीच सांगून टाकते. राज्यशास्त्राच्या सरांनी ‘नागरिक आणि प्रशासनाचे अधिकार’ या विषयावर प्रत्येकाने एक छोटासा अभ्यास करून आणावा असे सांगितले. कोणी रेशनचे दुकान घेतले, कोणी माहितीचा अधिकार, कोणी तलाठी कार्यालय. मी अमेरिकेतल्या खासगी वैमानिकांची विमानतळावर होणारी अचानक तपासणी हा विषय सांगितला. शेजारची मैत्रीण म्हणाली, “अगं, तू अजून एस.टी.च्या खिडकीजवळच्या जागेसाठी भांडतेस, आणि तुला वैमानिकांची कसली काळजी पडली?” सर मात्र हसले नाहीत. “का घेतलास ते सांगता आले, तर घे,” एवढेच म्हणाले. ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

माझे गाव गोंदिया जिल्ह्यात, बिरसीच्या विमानतळापासून फार दूर नाही. तिथे वैमानिक घडविणारी प्रशिक्षण संस्था आहे. त्यामुळे शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने आमच्या धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालत असतात. रोवणी करणाऱ्या बायांना त्यांचे काही वाटत नाही. बगळे जसे, तशी विमाने. मला मात्र लहानपणापासून वाटे की एवढ्या उंचावर गेलेल्या माणसाला अडविणारे कोणी नसेल. तिथे ना नाका, ना शिट्टी, ना काठी.

दुसरे कारण मागच्या दिवाळीचे. बाबा माल वाहण्याचा ‘छोटा हत्ती’ चालवितात. सुट्टीसाठी मी वसतिगृहातून त्यांच्याच गाडीत बसून घरी निघाले होते. मागे धानाचे कट्टे होते. रात्री एका नाक्यावर गाडी थांबविली गेली. बाबांनी सीटखालची प्लॅस्टिकची पिशवी काढली. आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी, लायसन्स, सगळे तिच्यात नीट ठेवलेले. ते खाली उतरले आणि हात जोडून उभे राहिले. तपासणाऱ्या साहेबांनी सगळे कागद पाहिले, एकही चूक निघाली नाही, तरी लायसन्स स्वतःच्या खिशात ठेवले आणि ते दुसऱ्या गाडीकडे गेले. सुमारे दोन तास आम्ही थांबलो. बाबा मधून मधून जवळ जाऊन “हो जी साहेब, नाही जी साहेब” म्हणत होते. शेवटी काही न बोलता लायसन्स परत मिळाले. गाडी सुरू करताना बाबा म्हणाले, “कागद बरोबर असून काय होते? साहेबाचा जीव बरोबर पाहिजे.” साहेबांनी लायसन्स खिशात का ठेवले, त्यांना तसा अधिकार होता का, हे मी बाबांना विचारले. त्यांना माहीत नव्हते. मलाही माहीत नव्हते, आणि मी राज्यशास्त्र शिकत होते.

त्यानंतर ग्रंथालयातल्या संगणकावर मी शोधू लागले, की तपासणी करणारा आणि तपासला जाणारा या दोघांनाही आपापल्या मर्यादा माहीत असतात असे ठिकाण जगात कोठे आहे. शोधता शोधता अमेरिकन वैमानिकांच्या अनुभवांपाशी आले. शब्दकोश उशाशी घेऊन वाचले. पहिल्या दिवशी ‘रॅम्प’ या शब्दापाशीच अडखळले. आपल्याकडे रॅम्प म्हणजे दवाखान्यात चाकाची खुर्ची ढकलत नेण्यासाठी बांधलेला उतार. विमानतळावर रॅम्प म्हणतात तो विमाने उभी करण्याच्या मोकळ्या फरशीला, म्हणजे आपल्या भाषेत विमानांच्या तळाला. तिथे उभ्या असलेल्या विमानाची आणि वैमानिकाची सरकारी निरीक्षकाने पूर्वसूचना न देता केलेली तपासणी म्हणजे ‘रॅम्प चेक’. प्रवाशांना पट्टा-बूट काढायला लावणारी सुरक्षा तपासणी ती ही नव्हे.

अमेरिकेत स्वतःचे किंवा भाड्याचे लहान विमान घेऊन उडणे ही अगदी श्रीमंतांचीच गोष्ट नाही. सर्वसाधारण लोकांना वापरता येतील असे सुमारे पाच हजार विमानतळ तिथे आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्य ठिकाणी नियंत्रण मनोरासुद्धा नाही. एक धावपट्टी, एक पेट्रोलचा पंप, दोन-चार शेड, झाले. खासगी परवाना असलेल्या वैमानिकाला कुटुंबाला, मित्रांना घेऊन उडता येते. भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. या सगळ्यांवर देखरेख करणारी संस्था म्हणजे ‘फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन’, थोडक्यात एफ.ए.ए. १९५८ च्या कायद्याने ती स्थापन झाली आणि १९६७ पासून वाहतूक खात्याखाली आहे. तिची ठिकठिकाणी जिल्हा कार्यालये आहेत आणि तिथले निरीक्षक अधूनमधून अशा विमानतळांवर फेरी मारतात.

वैमानिक उतरतो, इंजिन बंद करतो, पेट्रोल भरायला जातो, आणि एक गृहस्थ चालत जवळ येतात. येथे पहिला नियम निरीक्षकासाठी आहे, आणि तो वाचून मी थबकले. त्याने आधी आपली ओळख सांगायची आणि ओळखपत्र दाखवायचे. कागद मागायचे ते नंतर. नाक्यावरच्या त्या रात्री साहेबांचे नाव काय होते हे आम्हाला आजतागायत माहीत नाही.

वैमानिकाकडून तीन गोष्टी मागता येतात : वैमानिकाचा परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र. वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत खासगी वैमानिकासाठी चाळिशीच्या आत असेल तर ६० महिने, त्यानंतर २४ महिने. (२०१७ पासून लहान विमानांसाठी यात एक सोपी पर्यायी व्यवस्थाही आली आहे.) विमानाच्या कागदांसाठी वैमानिक ‘ॲरो’ हा शब्द पाठ करतात. ॲरो म्हणजे बाण. इंग्रजीतल्या पाच अक्षरांवरून पाच कागद आठवतात. उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, नोंदणीपत्र, रेडिओचा परवाना, विमान चालविण्याच्या मर्यादांचे पुस्तक आणि वजन व तोल यांचा हिशोब. यांपैकी रेडिओचा परवाना देशाबाहेर जायचे असेल तरच लागतो.

वजन आणि तोल यांचा कागद मला सर्वांत लवकर समजला, कारण तो बाबांच्या रोजच्या कामातला आहे. गाडीत कट्टे मागच्या बाजूला जास्त लादले की पुढची चाके हलकी पडतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. विमानाचेही तसेच, एकूण वजन मर्यादेत असून भागत नाही, ते कोठे ठेवले आहे हे महत्त्वाचे. भार फार मागे गेला तर विमानाचे नाक वर उचलले जाते आणि ते खाली आणणे वैमानिकाच्या हाताबाहेर जाऊ शकते. रस्त्यावरची गाडी निदान कडेला उभी करता येते.

खरे दोष बहुधा अशाच साध्या गोष्टींत असतात. मुदत संपलेला कागद, चालकाच्या समोर असायला हवी ती सूचनेची पट्टी निघून गेलेली, झिजलेला टायर. नोंदणीपत्राने तर बऱ्याच जणांना अडचणीत आणले असावे. २०१० पर्यंत विमानाची नोंदणी एकदा केली की पुन्हा पाहावे लागत नसे. त्या वर्षी ती दर तीन वर्षांनी नवी करण्याचा नियम आला, आणि २०२३ मध्ये ही मुदत सात वर्षांची झाली. तीन वर्षे म्हणजे विसरायला अगदी योग्य काळ!

आता निरीक्षकाला काय करता येत नाही ते पाहू. वैमानिकाला किंवा मालकाला कळविल्याशिवाय तो विमानात चढू शकत नाही. बाहेरून पाहू शकतो, खिडकीतून डोकावू शकतो. विमान धोकादायक स्थितीत दिसले तर तशी लेखी सूचना विमानाला लावू शकतो. तपासणीमुळे उड्डाणाला उगीच उशीर होऊ नये हे त्याने पाहायचे आहे. उड्डाणांची नोंदवही तो वाजवी कारणाने मागू शकतो; पण खासगी वैमानिकाने ती प्रत्येक उड्डाणात बरोबर बाळगलीच पाहिजे असे नाही, नंतर आणून दाखविता येते. शिकाऊ वैमानिक एकटाच दूरच्या गावी निघाला असेल तर त्याला मात्र ती बरोबर ठेवावी लागते.

परवान्याबाबत वैमानिक एकमेकांना एक गोष्ट बजावून सांगतात : निरीक्षकाला परवाना पाहायला द्या, पण त्याच्याकडे ठेवून येऊ नका, नाहीतर तुम्ही तो आपणहून परत केला असा अर्थ निघू शकतो. हे वाक्य मी वहीत दोनदा लिहून घेतले. ‘दाखविणे’ आणि ‘देऊन टाकणे’ या दोन क्रियापदांत केवढा फरक आहे! तो फरक कळला असता तर त्या रात्री निदान एक प्रश्न तरी तोंडातून निघाला असता.

अनुभव सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांचे अनुभव, सांगायचे तर, अगदी नीरस आहेत. निरीक्षक आला, कागद पाहिले, हवामानावर दोन शब्द बोलला, गेला. भीती असते ती तो चालत येईपर्यंत. काही जण तक्रार करतात ती तपासणीची नसून आपल्याच विसरभोळेपणाची असते, असे माझे मत झाले. तपासणी नकोच असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. विमान ज्यांच्या घरांवरून जाते त्यांनी काही परवाना काढलेला नसतो. बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बाईला वरच्या विमानाचा टायर कसा आहे हे कोण सांगणार? ते पाहणारा कोणी तरी असला पाहिजे, आणि आगाऊ कळवून आला तर त्याला खरे ते दिसणार नाही. एफ.ए.ए.ने २०१५ मध्ये तर धोरणच बदलले. चूक प्रामाणिक असेल तर शिक्षेऐवजी समजावणे आणि पुन्हा प्रशिक्षण देणे, यावर भर आला. त्याही आधी, १९७६ मध्ये, वैमानिकाने स्वतःची चूक आपणहून कळवावी म्हणून ‘नासा’मार्फत एक योजना सुरू झाली. दहा दिवसांच्या आत कळविले आणि चूक जाणूनबुजून केलेली नसली, तर सहसा दंड होत नाही. चुका लपविल्या गेल्या तर पुढचा वैमानिक त्याच खड्ड्यात पडणार, हा त्यामागचा विचार.

एवढे वाचून मला वाटू लागले होते की सारे काही आलबेल आहे. पण मग बॉब हूवर यांची हकिकत वाचली.

हूवर हे दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ वैमानिक. १९४४ मध्ये त्यांचे विमान पाडले गेले, जर्मनांच्या कैदेत राहिले, आणि शेवटी जर्मनांचेच एक विमान घेऊन निसटले. पुढे हवाई कसरतींमध्ये त्यांचे नाव जगभर झाले. विमान गिरकी घेत असताना पेल्यात चहा ओतून दाखविणारे ते हेच. १९९२ मध्ये ओक्लाहोमा शहरातल्या प्रात्यक्षिकात सरकारी निरीक्षक हजर होते. त्यांनी नंतर कळविले की हूवर यांचे उड्डाण पूर्वीसारखे राहिले नाही. हूवर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. त्यांचे वैद्यकीय प्रमाणपत्र काढून घेण्यात आले, म्हणजे आकाशच काढून घेतले. त्यांनी दाद मागितली. एका न्यायाधीशाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. वरच्या मंडळाने तो फिरविला. ऑस्ट्रेलियाने त्यांना उडण्याची परवानगी दिली, पण स्वतःच्या देशात ती नव्हती. अखेर १९९५ मध्ये प्रमाणपत्र परत मिळाले. त्यानंतरही कित्येक वर्षे ते कसरती करीत राहिले आणि २०१६ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी वारले.

निरीक्षक अप्रामाणिक होते असे मी म्हणत नाही. सत्तरीच्या माणसाबद्दल शंका येणे स्वाभाविकच आहे. पण कागदाची मुदत संपली आहे की नाही हे दोघांनाही सारखेच दिसते. ‘तुझे उड्डाण पूर्वीसारखे नाही’ हे फक्त पाहणाऱ्यालाच दिसते. त्याला उत्तर काय द्यायचे? बाबा ज्याला साहेबाचा जीव म्हणतात तो येथे शिरतो.

दुसरी हकिकत जेम्स इन्होफ यांची. हे तेव्हा ओक्लाहोमाचे सिनेटर होते, आणि स्वतः अनेक वर्षांचे वैमानिक. ऑक्टोबर २०१० मध्ये टेक्सासमधल्या एका लहान विमानतळावर ते उतरले ती धावपट्टी कामासाठी बंद होती. तिच्यावर मोठी फुली मारलेली होती आणि कामगार काम करीत होते. एफ.ए.ए.ने चौकशी केली आणि त्यांना पुन्हा प्रशिक्षण घ्यावे लागले. चूक त्यांची होती असे मला वाटते. फुली मारलेल्या धावपट्टीवर माणसे असताना उतरणे ही काही लहान गोष्ट नाही. त्या कामगारांना काय वाटले असेल हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. पण चौकशीच्या काळात आपल्यावरचा पुरावा आपल्यालाच सहज मिळत नाही, असा अनुभव त्यांनी घेतला आणि एक विधेयक आणले. ३ ऑगस्ट २०१२ रोजी त्याचा कायदा झाला. त्याला ‘वैमानिकांची हक्कसनद’ म्हणतात. चौकशी सुरू केली तर वैमानिकाला लेखी कळवावे, उत्तर देणे त्याला बंधनकारक नाही हे सांगावे, दिलेले उत्तर त्याच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते हेही सांगावे, नियंत्रण कक्षातल्या नोंदी त्याला मिळाव्यात, आणि निर्णयाविरुद्ध जिल्हा न्यायालयात जाण्याची वाट खुली असावी, अशा या कायद्यातल्या मुख्य गोष्टी.

चांगलाच कायदा आहे. पण मला एक प्रश्न पडला, आणि तो मी सरांनाही विचारला. हा त्रास सिनेटरऐवजी एखाद्या साध्या शेतकरी वैमानिकाला झाला असता, तर कायदा झाला असता का? सर म्हणाले, “पुष्कळ चांगले कायदे अशाच मार्गाने येतात. मोठ्याचा पाय मुरगळतो तेव्हा रस्ता दुरुस्त होतो, आणि मग त्यावरून सगळेच चालतात.” उत्तर पटले, पण पूर्ण समाधान झाले नाही.

आता या अभ्यासातला सर्वांत कठीण भाग. वर सांगितले की परवाना एफ.ए.ए.च्या निरीक्षकाला दाखवावा लागतो. पण त्याच नियमात पुढे असेही आहे की तो कोणत्याही संघराज्य, राज्य किंवा स्थानिक पोलीस अधिकाऱ्यालाही मागितल्यास दाखविला पाहिजे. ही ओळ वाचताना साधी वाटते. खरी गुंतागुंत तिच्यातून सुरू झाली.

२८ ऑगस्ट २०१० रोजी जॉन आणि मार्था किंग हे दांपत्य कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या विमानतळावर उतरले. हे दोघे वैमानिकांना शिकविणारे प्रसिद्ध शिक्षक. नियमांवर त्यांचे पाठ ऐकून किती तरी लोक परीक्षा पास झालेले. उतरताच पोलिसांच्या गाड्यांनी विमान घेरले, बंदुका रोखल्या, दोघांना हातकड्या घालून वेगवेगळ्या गाड्यांत बसविले. कारण काय, तर त्यांच्या विमानाचा क्रमांक पूर्वी दुसऱ्याच एका विमानाला होता, ते विमान आठ वर्षांपूर्वी चोरीला गेले होते, आणि पोलिसांच्या यादीत तो क्रमांक तसाच राहिला होता. तिकडे विमानाच्या क्रमांकाची सुरुवात ‘एन’ने होते, आपल्याकडे ‘व्हीटी’ने. जुना क्रमांक रद्द झाला की तो पुन्हा नव्या विमानाला देता येतो. नोंदणीची यादी कोणी पाहिली असती तर दोन विमाने वेगळी आहेत हे बसल्या जागी समजले असते. किंग यांना सगळे नियम पाठ होते. बंदुकीच्या नळीपुढे त्यांचा काय उपयोग? त्यांनी हात वर केले, यातच त्यांचे शहाणपण.

पुढे २०१२-१३ च्या सुमारास देशातल्या देशात उडणाऱ्या वैमानिकांना आणखी एक अनुभव येऊ लागला. सीमाशुल्क आणि सीमारक्षण खात्याचे सशस्त्र लोक, कधी स्थानिक पोलीस, कधी वास घेणारी कुत्री, लहान विमानतळांवर वाट पाहत उभे. हे लोक परदेशातून आलेले नसत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात निघालेले असत. संशय अमली पदार्थांचा. परवाना दाखवा म्हणून सुरुवात व्हायची आणि शेवट सामान उघडण्यापर्यंत जायचा. वैमानिकांची मोठी संघटना ‘एओपीए’, १९३९ मध्ये स्थापन झालेली, तिने सभासदांचे अनुभव गोळा केले, माहितीच्या कायद्याखाली सरकारकडे कागद मागितले आणि हा प्रश्न लावून धरला. २०१४ मध्ये त्या खात्याच्या वरिष्ठांशी बोलणी झाली आणि असे प्रकार कमी झाले.

येथे प्रश्न असा, की कागद पाहण्याचा अधिकार हा झडती घेण्याचा अधिकार होतो का? अमेरिकन संविधानाची चौथी दुरुस्ती, १७९१ ची, वाजवी कारणाशिवाय झडती घेण्यास मनाई करते. १९७९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारीच्या खटल्यात, डेलावेअर विरुद्ध प्राउझ या प्रकरणात, म्हटले की केवळ लायसन्स आणि नोंदणी पाहायची म्हणून पोलिसाने मनाला येईल ती गाडी थांबविणे घटनेशी सुसंगत नाही. काही तरी संशयाला जागा हवी. नाका लावून सगळ्यांनाच सारखे थांबविणे ही गोष्ट न्यायालयाने वेगळी मानली. आक्षेप थांबविण्यापेक्षा ‘मनाला येईल ते’ यावर होता. वैमानिकांचे म्हणणे असे, की रस्त्यावरच्या मोटारीला जे संरक्षण आहे तेवढे तरी विमानाला असावे. उलट बाजूचे म्हणणे, विमानाचा धंदा आधीपासूनच कडक नियमांचा आहे, त्यात शिरणाऱ्याने तपासणी स्वीकारलेलीच असते. मला वाटते, तपासणी स्वीकारलेली असते हे खरे. पण कशाची, हे लिहिलेले असले पाहिजे. टायर पाहण्यासाठी आलेल्या माणसाने पेटी उघडायला सांगितली तर ती तपासणी उरत नाही, तिचे दुसरेच काही तरी होते.

आपल्याकडे स्वतःचे विमान उडविणारे मोजकेच. त्यांच्यावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची देखरेख असते, आणि १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला आहे. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्याचा अभ्यास कोणी तरी वेगळा करावा. मला परत नाक्याकडे जायचे आहे.

कारण हे सारे वाचल्यावर मी आपलाच कायदा उघडला, जो मी आधी उघडायला हवा होता. मोटार वाहन कायदा, १९८८. कलम १३० : गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर चालकाने लायसन्स तपासणीसाठी दाखविले पाहिजे. येथेही क्रियापद ‘दाखविणे’च आहे. कलम २०६ : काही ठराविक कारणांनी ते ताब्यात घेता येते, उदाहरणार्थ कागद खोटा असल्याची किंवा चालक समन्स टाळून पळून जाईल अशी शंका असेल तर, आणि अशा रीतीने चालकाचे लायसन्स ताब्यात घेतले तर त्याची तात्पुरती पोच द्यावी लागते. म्हणजे अमेरिकेत जे वैमानिक एकमेकांना बजावून सांगतात, ते आमच्या कायद्यात माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून लिहिलेले होते. फक्त ते बाबांना कोणी सांगितले नव्हते. वैमानिकांना मोठी संघटना आहे, वकील आहेत, सिनेटर होते. छोटा हत्ती चालविणाऱ्या माणसाला सीटखालची पिशवी आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हे सगळे बाबांना वाचून दाखविले. हूवर यांच्या चहाच्या गोष्टीला ते मनापासून हसले. किंग दांपत्याला हातकड्या घातल्याचे ऐकून गप्प झाले, म्हणाले, “मास्तर लोकांनाही?” मग मी दोन्ही कलमे एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली. बाबा सातवीपर्यंत शिकलेले आहेत. त्यांनी ती सावकाश, बोट ठेवून वाचली, ‘पोच’ या शब्दापाशी थांबले आणि म्हणाले, “पोच मागितली तर साहेब आणखी चिडतील ना, बाई?” मी म्हटले, चिडतील कदाचित. त्यांनी कागदाची घडी केली आणि पिशवीत विम्याच्या कागदामागे ठेवली.